रडारने मोजलेले माड

चिपळूणच्या पेठेतलं आमचं दुकान समुद्रसपाटीपासून १४ मीटर उंचीवर आहे, असं एका अंतराळयानाने मला सांगितलं. बाबांना फोनवर हा आकडा ऐकवला तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "अगो, चौदा मीटर असतं तर मी दर जुलैत वह्यांचे गठ्ठे माळ्यावर कशाला चढवले असते?"

हे २०२० च्या मे महिन्यातलं. लॉकडाऊनमुळे मी पुण्यात दोन खोल्यांत अडकलेली. चिपळूणला जायला ई-पास लागायचा, आणि गेलं तरी चौदा दिवस वेगळं राहायचं. आई रोज फोनवर सांगायची, आज रायवळ उतरवले, आज फणस पडला. दिवसभर बँकांचं सॉफ्टवेअर तपासायचं आणि रात्री झोप नाही. अशा रात्रींत मी चिपळूण कॉम्प्युटरवर उभं करायला घेतलं.

'सिटीज: स्कायलाइन्स' हा गेम मला डोंबिवलीच्या मावसभावाने शिकवला होता. फिनलंडमधल्या कलॉसल ऑर्डर या कंपनीने तो केला आणि २०१५ च्या मार्चमध्ये तो बाजारात आला. मोकळी जमीन मिळते. तिच्यावर रस्ते आखायचे, वीज-पाणी न्यायचं, वस्ती वाढू द्यायची. सांडपाण्याचा नळ पंपाच्या वरच्या अंगाला सोडला की गाव आजारी पडतं. माझी पहिली तीन गावं अशीच गेली. जमीन मात्र आयती, कुणीतरी बसून केलेली असते. ज्याला स्वतःची जमीन हवी त्याच्यासाठी नकाशे करायचं एक वेगळं दालन आहे, आणि त्यात एक करडं चित्र घालायची सोय आहे. काळं म्हणजे खोल, पांढरं म्हणजे उंच, मधल्या छटा मधल्या उंचीच्या. चित्र १०८१ बाय १०८१ ठिपक्यांचं, दोन ठिपक्यांमध्ये जमिनीवरचं १६ मीटर अंतर, सगळा मिळून १७.२८ किलोमीटरचा चौकोन. याला हाइटमॅप म्हणतात. करडं चित्र खऱ्या जमिनीचं असलं तरी गेमला काही कळत नाही.

चौकोन कुठे ठेवायचा यातच दोन रात्री गेल्या. सतरा किलोमीटर ऐकायला पुष्कळ वाटतात. चिपळूण मधोमध ठेवलं तर पश्चिमेला खाडी दाभोळच्या कितीतरी आधी कापली जाते आणि पूर्वेला सह्याद्रीची भिंत येतच नाही. भिंत धरावी तर गोवळकोटचा धक्का जातो. शेवटी गावच मधोमध ठेवलं. पोफळीचं वीजघर, कोळकेवाडीचं धरण, कुंभार्ली घाट, २०१९ च्या जुलैत जिथलं धरण रात्री फुटलं ते तिवरे, सगळं चौकटीबाहेर राहिलं. आमच्या वाशिष्ठी नदीला पाणी जिथून येतं त्यातलं जवळजवळ काहीच माझ्या नकाशात नव्हतं. गेमचं त्यावाचून अडत नाही. नकाशाच्या कडेला पाण्याच्या उगमाची एक खूण ठेवायची, तिथून पाणी यायला लागतं. कुठल्या डोंगरांवरचं, कुणाच्या शेतातून आलेलं, ही चौकशी कुणी करत नाही.

उंचीचे आकडे फुकट मिळतात हे मला तेव्हाच कळलं. २००० च्या फेब्रुवारीत 'एंडेव्हर' हे अमेरिकेचं यान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं. एक रडार यानात, आणि ६० मीटर लांब दांड्याच्या टोकाला दुसरा अँटेना; दोन डोळ्यांनी आपल्याला जसं अंतर कळतं, तसं त्या दोन अँटेनांनी जमिनीची उंची टिपली. उत्तरेला ६० अंशांपासून दक्षिणेला ५६ अंशांपर्यंतची सगळी जमीन. माझी तेव्हा दहावीची परीक्षा तोंडावर होती, मी माळ्यावर बसून भूमिती करत होते. आपली कुणी वरून उंची मोजतंय याचा पत्ताही नव्हता. त्या मोजणीचा दर ३० मीटरला एक आकडा आज कुणालाही उतरवून घेता येतो.

उतरवणं सोपं, पुढचं नाही. माझी पहिली चूक अंशांची. आकडे अक्षांश-रेखांशांत येतात. मी अंशांचा चौकोन कापला आणि तसाच गेममध्ये घातला. आता चिपळूणच्या आसपास रेखांशाचा एक अंश भरतो साधारण १०६ किलोमीटर, आणि अक्षांशाचा ११० हून थोडा जास्त. फरक चार टक्क्यांचा, पण सतरा किलोमीटरवर तो सातशे मीटर होतो. जुन्या लग्नाची कॅसेट नव्या टीव्हीवर लावली की वऱ्हाडी रुंद दिसतात, तसं माझं चिपळूण आडवं ताणलं गेलं. मग क्यूजीआयएस हे नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर शिकले, अंशांचे मीटर करून घेतले आणि पुन्हा कापलं.

दुसरी चूक छटांची. एकेका ठिपक्याला ६५,५३६ छटा लागतात. माझ्याकडचं चित्रं सुधारायचं सॉफ्टवेअर जुनं; सेव्ह करताना त्याने २५६ च ठेवल्या आणि मला काही बोललं नाही. गेम १०२४ मीटरपर्यंत उंची धरतो, म्हणजे एकेक छटा चार मीटरची झाली. परशुरामाचा डोंगर उघडून बघते तर पायथ्यापासून माथ्यापर्यंत भाताची खाचरं पाडलेली, चार-चार मीटरचे बांध घातलेली. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. ती म्हणाली, "झक्क झालंय. लावणी कधी?"

छटा नीट ठेवल्या तर हाच गेम दीड सेंटीमीटरचा फरक ओळखतो. आणि यानाने दिलेले आकडे पूर्ण मीटरांत, त्यातही काही मीटर इकडेतिकडे. मोहीम आखताना धरलेली चुकीची मर्यादाच १६ मीटरची होती; काम त्याहून पुष्कळ चांगलं झालं, तरी मीटर तो मीटरच. म्हणजे माझ्या हातात सोनाराचा काटा होता आणि त्यात मी जळाऊ लाकडं तोलत होते.

दुकान चौदा मीटरवर का चढलं त्याचं कारणही यातच आहे. त्या रडारला मातीपर्यंत नीट पोचता येत नाही. वाटेत जे आडवं येईल, कौलं, पत्रे, स्लॅब, झाडांचे शेंडे, त्यावरून ते परत फिरतं. आमच्या दुकानामागे परसात सहा माड आहेत. तीस मीटरच्या त्या एका आकड्यात आमचं छप्पर, शेजाऱ्यांचा दुसरा मजला आणि सहाही माड मिसळून गेले होते. डोंगराला याचं काही वाटत नाही. तीनशे मीटरच्या डोंगरावर पाच मीटर रान धरलं गेलं तरी तो डोंगरच राहतो. पेठ मात्र माडांच्या शेंड्यांवर जाऊन बसली होती.

तरी तो पहिला नकाशा मी केला. सगळ्या उंचीत ४० मीटर मिळवले, कारण गेमचा समुद्र ४० मीटरवर असतो आणि जमीन वर उचलली नाही तर अख्खी खाडीकाठची गावं पाण्याखाली सुरू होतात. रडार पाण्यातून आरपार बघत नाही, त्यामुळे नदीचं पात्र आकड्यांत नुसतं सपाट होतं. ते ब्रशने खोदून काढलं. एक उगम वाशिष्ठीचा ठेवला. दुसराही ठेवावा असं वाटलं, कोयनेच्या अवजलाचा. कोयनेचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या अलीकडे येतं, वीज करतं आणि वाशिष्ठीत उतरतं, वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी असं पश्चिमेला वळवायची मुभा आहे. म्हणून आमची नदी मेमध्येही वाहते. एरवी कोकणातल्या नद्या उन्हाळ्यात गोट्यांच्या होतात. परशुराम घाटाचा रस्ता काढायला गेले तर गेम सारखा सांगत होता, उतार फार आहे. हे सांगायला गेमची गरज नव्हती. घाटात ज्याची एसटी एकदा तरी गरम झालीय त्याला ते ठाऊक आहे. गोवळकोटची टेकडी आणि तिला वळसा घालून जाणारी नदी मात्र इतकी हुबेहूब उतरली की मी रात्री दोन वाजता उठून चहा केला. फक्त मगरी नव्हत्या.

पाणी सोडलं. पेठ कोरडी राहिली. उगम दुप्पट केला, चौपट केला. खेर्डीची शेतं भरली, पलीकडचे काठ भरले, पेठ आपली कोरडी. २००५ च्या २६ जुलैला जिथे माणसं माळ्यांवर बसून होती, ती पेठ. मी 'चिपळूण १' असं नाव देऊन फाइल बंद केली.

पुढच्या वर्षी, २०२१ च्या २२ जुलैला, पहाटे बाबांचा फोन आला, "पाणी लागलं." मग चोवीस तास फोन नाही.

त्या दिवसाबद्दल पुष्कळ लिहून आलंय. एसटीच्या टपावर बसून आगारातल्या लोकांनी तिकिटांची रोकड सांभाळली, ते सगळ्यांनी वाचलंय. मी आमच्या दुकानापुरतं सांगते. वर्षभर शाळा बंद, त्यामुळे आदल्या वर्षीचा वह्यांचा मालही तसाच पडून होता. दुकान वरपर्यंत भरलेलं. वही भिजली की फुगते. फळीवर गच्च लावलेल्या वह्या भिजून इतक्या फुगल्या की दोन्ही बाजूंच्या खणांत रुतून बसल्या. हाताने एकही निघेना. तिसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा बाबा आणि दुकानातले तात्या पहारीने वह्या उपटत होते. शाई धुऊन गेलेली, चिखलाचा वास, आणि वह्यांच्या पुठ्ठ्यांवर छापलेली फुलपाखरं तेवढी शाबूत. भिंतीवर २००५ च्या पाण्याची तेलरंगाची रेघ होती, चौथ्या फळीशी. नवा डाग माळ्याच्या तुळईवर होता.

जानेवारीत बाबा पुण्याला माझ्याकडे महिनाभर राहिले. दुकान नसलेल्या दुकानदाराचं काय करायचं ते मला कळेना. पहाटे पाचला उठायचे, खुर्ची गॅलरीत नेऊन बसायचे. एका रविवारी मी सहज म्हणून 'चिपळूण १' उघडलं. बाबा चष्मा लावून जवळ आले. गोवळकोट ओळखला, परशुराम ओळखला, खूश झाले. मग मी पाणी सोडून दाखवलं, आणि त्यांनी दोन मिनिटं बघून निकाल दिला, "चूक आहे. पाणी असं येत नाही."

"मग कसं येतं?"

"आधी जुन्या बाजारपुलाशी लागतं. मग नाईक कंपनीकडून. शिवनदीचं पाणी तोवर उलटं फिरतं, तिला नदीत शिरायला जागाच नसते. मग मंडई. चिंचनाक्याला पाणी म्हणजे आपण शटर ओढायचं." हे सांगताना त्यांनी घड्याळाकडे बघितलं. त्यांच्या डोक्यात या सगळ्याला वेळाही होत्या.

मी वही काढली आणि विचारत गेले. २०२१ ला बाजारपुलाजवळ किती होतं? "दोन पुरुष, वर हात." मंडईत? "पुरुषभर आणि वर." अमक्याच्या गिरणीत? "गिरणीत छातीएवढं. जोतं उंच आहे ना त्याचं." मावशीच्या घरी? "पायरीला लागलं, आत गेलं नाही. तिच्याकडेच तर सगळी जेवली." गुडघाभर म्हणजे अर्धा मीटर, कमरेएवढं म्हणजे एक, छातीएवढं सव्वा, पुरुष म्हणजे बाबांची उंची, एक मीटर अडुसष्ट, मी दाराला उभं करून मोजली. संध्याकाळपर्यंत बेचाळीस जागा झाल्या. ज्या आठवत नव्हत्या त्या त्यांनी चिपळूणला फोन करून विचारल्या. फोनवर कुणीही "कशाला हवंय?" असं विचारलं नाही. प्रत्येकाला आपल्या घरातलं पाणी बोटाच्या मापाने पाठ होतं.

रात्री ते आकडे बघताना डोक्यात उजेड पडला. गवंडी दोन भिंतींची पातळी जुळवायला पाण्याने भरलेली पारदर्शक नळी धरतो. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर उभं राहतं. पुराचं साचलेलं पाणीही पेठेपुरतं जवळजवळ एकाच पातळीवर असतं. मग जिथे दोन पुरुष पाणी आणि जिथे कमरेएवढं, त्या दोन जागांच्या जमिनीतला फरक सरळ वजाबाकीने निघतो. अंतराळातून जे जमलं नव्हतं ते पुराने करून ठेवलं होतं, सगळ्या पेठेला एकाच वेळी नळी लावून. २००५ चे आकडे ताळ्याला होते. त्या पुरातल्या खोलींतूनही तेच फरक निघाले, चार-पाच जागा सोडल्या तर.

या चार-पाच जागांवर आमचा वाद झाला. चिंचनाक्याजवळ २००५ आणि २०२१ च्या हिशोबात हातभर तफावत येत होती. मी म्हटलं, बाबा, तुमची आठवण चुकतेय. ते चिडले. मग रात्री जेवताना एकदम म्हणाले, "डांबर." रस्ता दर दोन-तीन वर्षांनी वरून डांबरून डांबरून उंच होत गेलाय. माणसं रस्त्यात उभी राहून पाणी सांगतात. रस्ता चढला तर पाणी तेवढं कमी भरणार. आमच्या दुकानाला मी शाळेत असताना तीन पायऱ्या होत्या. आता दीड आहे.

फरक निघाले, पण सगळं कशावर तरी टेकवायला एक पक्की उंची हवी होती. तीही बाबांनीच दिली. चिपळूणपर्यंत भरतीचं पाणी येतं. उधाणाच्या भरतीला पुलाच्या खांबाच्या कितव्या थराला पाणी लागतं हे त्यांना माहीत होतं. लहानपणी तिथून उड्या मारल्या होत्या. तो थर मी समुद्राला बांधला आणि बेचाळीस जागा त्यावर लटकवल्या. मधली जमीन ब्रशने हलक्या हाताने जुळवून घेतली. पेठ माडांवरून खाली उतरली.

त्याच वर्षी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांचा 'फॅबडेम' नावाचा जगाच्या उंचीचा नवा नकाशा आला. युरोपच्या कोपर्निकस नकाशातून हिशोबाने झाडं आणि इमारती वजा करून त्यांनी तो केलाय. मी धावत जाऊन आमचा तुकडा उतरवला. दुकान आठ मीटरच्या आत आलं होतं. बाबांना सांगितलं. "जवळ आले," ते म्हणाले, एखाद्या विद्यार्थ्याला पाठीवर थाप द्यावी तसं. डोंगर आणि बाहेरची गावं मी आता त्यातूनच घेतली आहेत. पेठ बाबांची ठेवली.

मग पुन्हा पाणी सोडलं. उगम वाढवत नेला तरी नदी काठोकाठ भरून वाहून जात होती. गावात शिरत नव्हती. बाबा म्हणाले, "भरती कुठाय?" खरंच, या गेममध्ये भरती-ओहोटी नाही. समुद्र ठेवाल तिथे राहतो. पण नकाशाच्या दालनात समुद्राची पातळी वरखाली करायची एक पट्टी आहे. मी ती दोन मीटर वर सरकवली. खालचं पाणी थांबलं, वरचं येतच राहिलं. बाजारपुलाशी निळी कडा काठावरून अलगद आत आली. मग नाईक कंपनी. शिवनदी उलटी फुगली. मंडई. आम्ही दोघंही काही बोलत नव्हतो. चिंचनाक्यापाशी निळं आलं तेव्हा बाबांनी हात पुढे करून माझ्या लॅपटॉपचं झाकण खाली केलं. बंद नाही, अर्धं. "पुरे," म्हणाले, "माल वर घे." आणि मग स्वतःच हसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, नदीचा तळ तुझ्या त्या ब्रशने अजून खाली घेता येतो का. तेव्हा चिपळूणमध्ये गाळ काढण्यासाठी आंदोलन झालं होतं आणि नदीत पोकलेन उतरले होते. आम्ही तळ एक मीटर खाली घेतला, मग दोन. काय झालं ते मी सांगणार नाही, कारण खेळण्यातल्या पाण्यावरून खऱ्या नदीबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. कुणी नकाशा दाखवून तसं बोलायला लागलं तर त्याच्यावरही विश्वास ठेवू नये. माझा उगम एका खुणेतून येतो, आणि खरा पाऊस सगळ्या सह्याद्रीवर पडतो.

नकाशा पुरा झाल्यावर मावसभावाला दिला. आठवड्याने त्याचा रागावलेला फोन. त्याने पेठेच्या जागी विमानतळ बांधला होता. नदीला पाणी वाढलं आणि धावपट्टी बुडाली. "तायडे, नकाशा बिघडलाय तुझा." फोन स्पीकरवर होता. बाबा आतून ओरडले, "त्याला म्हणावं, आधी माणसांना विचारून बांध."

बाबांनी दुकान २०२२ च्या जूनमध्ये उघडलं, वह्या आता तिसऱ्या फळीपासून वर. नकाशात दुकानाच्या पायरीची उंची ४६ मीटर आहे. त्यातले ४० गेमचे.